वनस्पतीला कायद्याचे संरक्षण कसे मिळते? हर्बेरियममधील नमुन्यापासून आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंतचा प्रवास

भारतात सपुष्प वनस्पतींच्या 18 हजारांहून अधिक प्रजाती आढळतात. मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत दीर्घकाळ वनस्पतींच्या केवळ सहा नोंदी होत्या. 2022 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही संख्या 19 वर गेली. पश्चिम घाटात बारा वर्षांतून एकदा फुलणारी नीलकुरिंजी या सुधारित यादीत समाविष्ट आहे. वाघ किंवा हत्तीच्या संरक्षणाची चर्चा देशभर होते. पण एखाद्या झुडपाचे, कंदाचे किंवा वेलीचे नाव कायद्यात कसे येते, ते कोण सुचवते आणि कोणत्या पुराव्यावर सुचवते, याची माहिती फार थोड्या लोकांना असते.

या प्रश्नांची उत्तरे वनस्पतिशास्त्रीय संस्थांमध्ये सापडतात. तेथील शास्त्रज्ञ वनस्पती गोळा करतात, ओळखतात आणि जतन करतात, हे सर्वपरिचित आहे. गेल्या तीन दशकांत मात्र त्यांच्या कामाला आणखी एक बाजू जोडली गेली आहे. आंतरराष्ट्रीय करारांसाठी वैज्ञानिक मत देणे, संकटग्रस्त प्रजातींच्या याद्या तयार करण्यास मदत करणे, निर्यातीला परवानगी द्यावी की नाही याचा आधार पुरवणे आणि जैविक संपत्तीच्या वापराचे नियम ठरवताना सरकारला सल्ला देणे, ही सारी कामे आता या संस्थांकडे आहेत. या कामात चूक झाली किंवा विलंब झाला, तर त्याची किंमत कधी वनस्पतीला मोजावी लागते, तर कधी त्या वनस्पतीवर उदरनिर्वाह असणाऱ्या माणसांना.

पहिली पायरी : नाव निश्चित करणे

देशातील वनस्पतींची नोंद ठेवणारी प्रमुख संस्था म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण. या संस्थेची स्थापना 13 फेब्रुवारी 1890 रोजी झाली. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ इंग्लंडहून भारतात परतल्या आणि या संस्थेच्या पुनर्रचनेची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. संस्थेचे मुख्यालय कोलकाता येथे असून देशाच्या विविध भागांत तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. पश्चिम भारतासाठीचे केंद्र पुण्यात 1955 पासून कार्यरत आहे.

संस्थेचे केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालय कोलकात्यालगतच्या हावडा येथील वनस्पती उद्यानात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी रॉबर्ट किड यांनी 1787 मध्ये हे उद्यान उभारले. प्रचंड विस्ताराच्या वटवृक्षासाठी ते प्रसिद्ध आहे. 2009 पासून त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. वटवृक्ष पाहायला येणाऱ्या पर्यटकांचे लक्ष सहसा न जाणाऱ्या इमारतीत सुमारे 20 लाख वाळवलेले वनस्पतिनमुने कपाटांत रचून ठेवलेले आहेत. अशा संग्रहालाच हर्बेरियम म्हणतात.

हर्बेरियममधील एक नमुना म्हणजे जाड कागदावर चिकटवलेली, दाबून वाळवलेली फांदी. तिच्यावर शक्यतो पाने, फुले आणि फळे असतात. कागदाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर ती कोठे, कधी आणि कोणी गोळा केली याची नोंद असते. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तोही लिहून ठेवतात. कोणत्याही प्रजातीला प्रथम नाव देताना एक नमुना आधारभूत मानला जातो. शास्त्रीय परिभाषेत त्याला प्ररूप नमुना म्हणतात. पुढे कधी शंका उद्भवली, तर वाद त्या नमुन्याशी ताडून मिटवला जातो.

भारताच्या बाबतीत एक ऐतिहासिक अडचण आहे. ब्रिटिश काळात गोळा झालेल्या असंख्य भारतीय वनस्पतींचे प्ररूप नमुने लंडनजवळच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानात आहेत. जोसेफ हुकर यांचा ब्रिटिश भारतातील वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ 1872 ते 1897 या काळात प्रसिद्ध झाला, तोही मुख्यतः तेथील संग्रहाच्या आधारे. त्यामुळे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा एक शास्त्रज्ञ क्यू येथे संपर्क अधिकारी म्हणून पाठवण्याची पद्धत पडली. अलीकडे नमुन्यांच्या उच्च दर्जाच्या प्रतिमा संगणकावर उपलब्ध होऊ लागल्याने हे काम काहीसे सुकर झाले आहे. भारतानेही आपल्या नमुन्यांसाठी आभासी हर्बेरियम सुरू केले असून 1 जुलै 2022 रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले.

नाव निश्चित करण्याचा धोरणाशी संबंध काय, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून कळते. पश्चिम घाटातील मोजक्या कड्यांवर, जुन्नरजवळच्या शिवनेरी परिसरातही, वाढणारी एक मांसल वनस्पती आहे. स्थानिक नाव शिंदळ माकुडी. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1865 मध्ये तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका असे नाव दिले. पुढे अभ्यासकांनी तिचे वर्गीकरण बदलून कॅरलुमा आणि नंतर बोसेरोशिया या वंशांत तिचा समावेश केला. झाड एकच, पण शास्त्रीय नावे किमान तीन. एखाद्या यादीत जुने नाव, दुसरीत नवे आणि निर्यातदाराच्या कागदपत्रांत तिसरेच असेल, तर तपासणी नाक्यावरील अधिकाऱ्याने काय करायचे? म्हणूनच याद्यांमधील नावे अद्ययावत ठेवणे आणि कोणते नाव कोणत्या नावाचा पर्याय आहे हे स्पष्ट करणे, हे वनस्पतिशास्त्रीय संस्थेचे महत्त्वाचे धोरणविषयक काम ठरते.

दुसरी पायरी : धोक्याचे मोजमाप

नाव निश्चित झाल्यावर पुढचा प्रश्न येतो तो धोक्याचा. ‘ही वनस्पती दुर्मीळ झाली आहे’ एवढे म्हणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजेच आययूसीएनने, त्यासाठी निकष ठरवलेले आहेत. प्रजातीची संख्या किती वेगाने घटत आहे, तिचा आढळ किती क्षेत्रात आहे, तो किती तुकड्यांत विभागला गेला आहे आणि प्रौढ झाडे किती उरली आहेत, या बाबी पाहिल्या जातात. आढळाचा एकूण विस्तार 100 चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि त्यासोबत अधिवास तुकड्यांत विभागला जाणे किंवा सतत घट होणे यांसारख्या अटी पूर्ण होत असतील, तर प्रजाती अतिसंकटग्रस्त गटात जाऊ शकते.

या मोजमापासाठी हर्बेरियममधील चिठ्ठ्या उपयोगी पडतात. शंभर वर्षांपूर्वी ती वनस्पती कोणत्या गावाजवळ, कोणत्या महिन्यात सापडली होती हे चिठ्ठीवरून कळते. शास्त्रज्ञ त्याच जागी, त्याच हंगामात पुन्हा जातात. वनस्पती सापडली तर किती, आणि नाही सापडली तर तेथे आता काय आहे, याची नोंद घेतात. जुन्या नोंदी नसत्या तर घट झाली हे सिद्धच करता आले नसते.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने संकटग्रस्त भारतीय वनस्पतींवरील रेड डेटा बुकचे तीन खंड 1987 ते 1990 या काळात प्रसिद्ध केले. त्यानंतर आययूसीएनचे निकष अधिक काटेकोर झाले आणि अनेक वनस्पतींचे मूल्यमापन नव्याने करण्याची गरज निर्माण झाली. नीलकुरिंजीसारख्या प्रसिद्ध वनस्पतीचेही जागतिक मूल्यमापन 2024 मध्ये पूर्ण झाले आणि तिचा समावेश असुरक्षित गटात झाला. जेथे नीलकुरिंजीला इतका काळ लागला, तेथे एखाद्या अनामिक गवताची काय कथा!

आययूसीएनची यादी हा कायदा नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्या यादीत संकटग्रस्त ठरलेल्या वनस्पतीला भारतात आपोआप संरक्षण मिळत नाही. साताऱ्याच्या कास पठारावर आणि सह्याद्रीतील अन्य सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात वायतुरा फुलतो. दोन फाट्यांच्या गुलाबी तुऱ्यामुळे त्याला हे नाव मिळाले. 1982 मध्ये विज्ञानाला प्रथम ज्ञात झालेली ही वनस्पती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. कास पठाराचा समावेश 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत झाल्याने तेथे काही प्रमाणात नियमन आहे. परंतु सह्याद्रीतील आणि कोकणातील अनेक सडे खासगी किंवा महसुली मालकीचे आहेत. उन्हाळ्यात ते उघडेबोडके दिसतात. त्यामुळे त्यांच्याकडे ओसाड, पडीक जमीन म्हणूनच पाहिले जाते. खाणी, पवनचक्क्या, बांधकामे यांसाठी अशा जमिनी सर्वप्रथम विचारात घेतल्या जातात. तेथे जून ते ऑक्टोबर या काळात काय उगवते, याची अधिकृत नोंद नसेल, तर पर्यावरण परिणामांच्या अहवालातही त्याचा उल्लेख होण्याची शक्यता कमी असते.

तिसरी पायरी : कायद्याची चौकट

भारतात वनस्पतींच्या संरक्षणाशी संबंधित दोन प्रमुख केंद्रीय कायदे आहेत. पहिला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. मूळ कायद्याचा भर प्राण्यांवर होता. 1991 च्या दुरुस्तीने त्यात वनस्पतींविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले. अनुसूचीतील वनस्पती वनजमिनीतून किंवा अधिसूचित क्षेत्रातून तोडणे, उपटणे, बाळगणे वा विकणे त्यानुसार प्रतिबंधित झाले. मेघालयातील कीटकभक्षी घटपर्णी, ईशान्येकडील निळे व तांबडे वांडा ऑर्किड, पूर्व घाटातील बेडोमचा सायकस, हिमालयातील कुठ आणि लेडीज स्लिपर ऑर्किड या त्या सहा नोंदी होत. ‘वनजमीन किंवा अधिसूचित क्षेत्र’ या शब्दांचा अर्थ असा की खासगी सड्यावरील वनस्पतीला केवळ अनुसूचीत नाव असल्याने पुरेसे संरक्षण मिळेलच असे नाही.

दुसरा कायदा 2002 चा जैवविविधता कायदा. 1992 मध्ये रिओ दी जानेरो येथे झालेल्या पृथ्वी परिषदेत जैवविविधता करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. त्यानुसार प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवर सार्वभौम हक्क मान्य झाला. हा करार अमलात आणण्यासाठी भारताने हा कायदा केला आणि 2003 मध्ये चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण स्थापन केले. राज्यांत जैवविविधता मंडळे आणि स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत.

या कायद्याची दोन कलमे वनस्पतिशास्त्रीय संस्थांच्या दृष्टीने कळीची आहेत. कलम 38 नुसार नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्रजाती राज्यांशी सल्लामसलत करून अधिसूचित करता येतात आणि त्यांच्या संकलनावर निर्बंध घालता येतात. कलम 39 नुसार केंद्र सरकार काही संस्थांना अधिकृत नमुना भांडार म्हणून घोषित करते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण हे त्यांपैकी एक. देशात कोणालाही नवी प्रजाती सापडली, तर तिची माहिती अशा भांडाराला देणे आणि नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. ब्रिटिश काळात प्ररूप नमुने परदेशी गेल्याने निर्माण झालेल्या अडचणीची पुनरावृत्ती होऊ नये, याची तरतूदच जणू या कलमाने केली आहे.

शिसमाचा धडा

वनस्पतीची ओळख पटवणे हा केवळ विद्वानांचा विषय नाही, हे उत्तर प्रदेशातील सहारनपूर आणि राजस्थानातील जोधपूर येथील कारागिरांनी अनुभवले आहे. लाकडी कोरीवकाम आणि फर्निचर यांसाठी ही शहरे ओळखली जातात. तेथे शिसम मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

शिसम आणि दक्षिणेकडील शिसव ही दोन्ही झाडे डालबर्जिया या वंशातील आहेत. या वंशात सुमारे अडीचशे प्रजाती असून त्यांपैकी कित्येकांचे लाकूड रोझवुड म्हणून विकले जाते. मादागास्कर, आग्नेय आशिया व लॅटिन अमेरिकेतील रोझवुडची बेसुमार तोड थांबवण्यासाठी 2016 मध्ये जोहान्सबर्ग येथील परिषदेत संपूर्ण डालबर्जिया वंश सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आला. संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार म्हणजे सायटिस. दुसऱ्या परिशिष्टातील प्रजातींच्या व्यापारावर बंदी नसते. परंतु निर्यातीसाठी परवाना लागतो.

शिसम संकटग्रस्त नसताना त्याचा समावेश का झाला? चिरलेल्या लाकडावरून एक डालबर्जिया दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे सीमाशुल्क अधिकाऱ्यांना कठीण जाते. पान नाही, फूल नाही; केवळ पॉलिश केलेला लाकडाचा तुकडा समोर असतो. एका प्रजातीला सूट दिली, तर तिच्या नावाखाली दुसरी विकली जाईल, ही भीती होती. 2019 मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांनी शिसम परिशिष्टातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला नाही.

केंद्र सरकारने 2022 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, या समावेशापूर्वी सुमारे 1000 कोटी रुपयांची असलेली संबंधित हस्तकला वस्तूंची वार्षिक निर्यात 500 ते 600 कोटी रुपयांवर आली आणि सुमारे 50 हजार कारागिरांच्या उपजीविकेला त्याची झळ बसली. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्या प्रयत्नांना काही प्रमाणात यश आले. प्रत्येक वस्तूतील लाकडाचे वजन 10 किलोपेक्षा कमी असल्यास अशा कितीही शिसमच्या वस्तू एका खेपेत सायटिस परवान्याशिवाय पाठवता येतील, असे स्पष्ट करण्यात आले. वजनात धातू किंवा अन्य साहित्य धरले जाणार नाही, हेही ठरले.

एका करारातील एक ओळ, तिच्यामागील ओळख पटवण्याची अडचण आणि हजारो घरांतील मिळकत यांचा संबंध या प्रकरणात उघड झाला. लाकडाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रजाती ओळखण्याचे तंत्र सहज उपलब्ध असते, तर एका वंशातील सर्वच प्रजातींना एका मापाने मोजण्याची गरज कदाचित भासली नसती.

निर्यातीपूर्वीचा निष्कर्ष

सायटिसनुसार प्रत्येक सदस्य देशाला वैज्ञानिक प्राधिकरण नेमावे लागते. भारतात वनस्पतींच्या बाबतीत ही भूमिका भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे आलेली आहे. एखाद्या प्रजातीच्या निर्यातीमुळे तिच्या नैसर्गिक अस्तित्वाला बाधा पोहोचणार नाही, असा निष्कर्ष वैज्ञानिक प्राधिकरणाने दिल्यावरच परवाना देता येतो. हा निष्कर्ष कागदावर एका वाक्याचा असला, तरी त्यामागे झाडांची मोजणी, वाढीचा वेग, तोडीचे प्रमाण आणि अवैध व्यापाराचा अंदाज असा मोठा अभ्यास असतो.

आंध्र प्रदेशातील रक्तचंदनाचे उदाहरण बोलके आहे. हा वृक्ष 1995 पासून दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2004 पासून भारताच्या रक्तचंदन व्यापारावर सायटिसच्या विशेष आढाव्याची प्रक्रिया लागू होती. नोव्हेंबर 2023 मध्ये स्थायी समितीच्या बैठकीत भारताला त्यातून वगळण्यात आले. आपल्या शेतात रक्तचंदन लावणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हा निर्णय महत्त्वाचा होता. जंगलातील चोरटी तोड आणि शेतातील कायदेशीर लागवड यांतील फरक सिद्ध करता आला, तरच लागवड करणाऱ्याला बाजार मिळतो.

हिमालयातील कुठ या वनस्पतीबाबतही तोच प्रश्न आहे. मराठी वाचकांना तिचे मूळ उपलेट किंवा कोष्ठ या नावाने काष्ठौषधींच्या दुकानात भेटते. मुळांसाठी होणाऱ्या अतोनात उपशामुळे ही वनस्पती 1975 मध्ये सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आणि 1985 मध्ये पहिल्या परिशिष्टात गेली. पहिल्या परिशिष्टातील जंगली वनस्पतींच्या व्यावसायिक आंतरराष्ट्रीय व्यापारास परवानगी नसते. लागवडीतून आलेल्या मालासाठी मात्र वेगळी वाट ठेवलेली आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात अनेक पिढ्यांपासून कुठाची शेती होते. वाळलेले मूळ शेतातले की जंगलातले, हे डोळ्यांनी सांगणे अवघड. म्हणून लागवडीच्या नोंदी आणि प्रमाणपत्रे यांना महत्त्व येते. प्रमाणपत्राची व्यवस्था ढिली असेल तर जंगल लुटले जाते, आणि ती अकारण जाचक असेल तर शेतकरी ते पीकच सोडून देतो.

लाभ कोणाला?

धोरणविषयक कामाचा आणखी एक भाग म्हणजे लाभवाटप. एखाद्या वनस्पतीपासून औषध किंवा सौंदर्यप्रसाधन तयार करून उद्योगाने नफा मिळवला, तर ती वनस्पती आणि तिचे ज्ञान जपणाऱ्या समाजाला त्यातील वाटा मिळावा, हे जैवविविधता कराराचे तत्त्व आहे. त्याला मूर्त रूप देणारा नागोया करार 2010 मध्ये संमत झाला आणि 12 ऑक्टोबर 2014 पासून लागू झाला. भारताने त्याला 2012 मध्येच मान्यता दिली होती.

डिसेंबर 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने एका औषध उत्पादकाच्या प्रकरणात, भारतीय कंपन्यांवरही लाभवाटपाची जबाबदारी आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर 2023 मध्ये संसदेने जैवविविधता कायद्यात दुरुस्ती केली. ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. आयुष पद्धतींचे वैद्य, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती यांना काही सवलती मिळाल्या. कायदाभंगासाठीची तुरुंगवासाची शिक्षा काढून आर्थिक दंडाची तरतूद झाली. संशोधन आणि उद्योग सुलभ होतील, असे सरकारचे म्हणणे आहे. स्थानिक समाजांचा वाटा आणि कायद्याचा वचक कमी होईल, अशी टीका काही पर्यावरण अभ्यासकांनी केली.

दुरुस्तीनंतर लागवड केलेल्या औषधी वनस्पतींच्या सवलतीसाठी मूळ स्थानाचे प्रमाणपत्र आवश्यक असून त्यात स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीची भूमिका आहे. म्हणजेच वनस्पतीची ओळख आणि तिचे उगमस्थान यांविषयीची जबाबदारी आता गावपातळीवर पोहोचली आहे. या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करणे अपेक्षित असते. नोंदवहीत स्थानिक नाव असते. कायद्याला आणि व्यापाराला शास्त्रीय नाव हवे असते. एकाच स्थानिक नावाने दोन जिल्ह्यांत दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जाणे नवे नाही. ही दोन नावे अचूक जोडून देणारा जाणकार प्रत्येक तालुक्यात उपलब्ध नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

मनुष्यबळाची चणचण

भारतीय वनस्पती सर्वेक्षण दरवर्षी देशातील नव्या वनस्पतिनोंदींचा अहवाल प्रसिद्ध करते. 2024 या वर्षासाठी अशा 433 नोंदी जाहीर झाल्या. दुसरीकडे, क्यू येथील शास्त्रज्ञांच्या 2023 मधील अहवालानुसार, विज्ञानाला अद्याप अज्ञात असलेल्या वनस्पतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती आधीच संकटात असण्याची शक्यता आहे. नाव मिळण्यापूर्वीच नष्ट होणाऱ्या वनस्पतीला कोणताही कायदा वाचवू शकत नाही.

हे काम करणारे मनुष्यबळ मात्र अपुरे पडते. वर्गीकरणशास्त्रात पारंगत होण्यासाठी वर्षानुवर्षे जंगलात आणि हर्बेरियममध्ये काम करावे लागते. विद्यापीठांतील अनेक विद्यार्थी जैवतंत्रज्ञान व रेण्वीय जीवशास्त्राकडे वळतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पर्यावरण मंत्रालयाच्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमात वनस्पती ओळखणाऱ्या सहायकांचे प्रशिक्षण सुरू झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थांनी प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा अभ्यास आणि उद्यानातील जतन यांची सांगड घातली आहे. येरकाड आणि शिलाँग येथील राष्ट्रीय ऑर्किड संग्रहांत संकटग्रस्त ऑर्किड जोपासली जातात. उद्यानातील जतन हा मात्र पर्याय नसून विमा आहे. शिंदळ माकुडी कुंडीत फांदीपासून सहज वाढते. तिचा कडा मात्र कुंडीत वाढवता येत नाही.

धोरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून आणखी एक अपेक्षा असते. त्याला करारातील भाषा वाचता यावी लागते. ‘भाग’, ‘उत्पादन’, ‘अर्क’, ‘तयार वस्तू’ या शब्दांच्या व्याख्येवर परिषदांत तासन्‌तास चर्चा होते, कारण त्यावर कोणता माल परवान्याच्या कक्षेत येईल हे ठरते. शिसमच्या बाबतीत 10 किलोची मर्यादा संपूर्ण खेपेला लावायची की प्रत्येक वस्तूला, या एका मुद्द्याचा परिणाम थेट सहारनपूरच्या कार्यशाळांवर होणार होता.

2030 चे उद्दिष्ट

डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियल येथे संमत झालेल्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात 2030 पर्यंतची 23 लक्ष्ये आहेत. मानवी कारणांनी होणारे प्रजातींचे उच्चाटन थांबवणे हे त्यांपैकी एक. ऑक्टोबर 2024 मध्ये कोलंबियातील काली येथील परिषदेत भारताने आपला सुधारित राष्ट्रीय जैवविविधता कृती आराखडा सादर केला. त्यातही 23 राष्ट्रीय लक्ष्ये निश्चित करण्यात आली आहेत.

ही लक्ष्ये गाठली जात आहेत की नाही, हे ठरवण्यासाठी पुन्हा मोजणीच करावी लागेल. कोणती प्रजाती वाढली, कोणती घटली आणि कोणती दिसेनाशी झाली, याचे उत्तर जुन्या नमुन्यांवरील चिठ्ठ्या आणि नव्या पाहण्या यांच्या तुलनेतून मिळेल. कायद्याच्या अनुसूचीतील 19 नोंदींपुढे विसावी नोंद कोणती असावी, शिसमसारख्या झाडाला कोणत्या अटींवर सूट द्यावी आणि लाहौलच्या शेतकऱ्याला प्रमाणपत्र कशाच्या आधारे द्यावे, हे निर्णय घेणाऱ्यांना वनस्पती अचूक ओळखणारी माणसे लागणार आहेत. त्यांची भरती, प्रशिक्षण आणि संग्रहांची निगा यांसाठी होणारी तरतूद 2030 पर्यंत किती वाढते, यावरून या लक्ष्यांबाबतचे गांभीर्य स्पष्ट होईल.